तोडलेले जंगल पुन्हा उभे कसे राहते?

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तोडलेले जंगल पुन्हा उभे कसे राहते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कल्याणकारी संस्थेच्या व्यासपीठावर जंगलाचा विषय कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे जंगलाच्या काठावर राहतात. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, तेंदूपाने तोडायची, पुडके बांधायचे, पावसाळ्यात रोपवनाच्या खड्ड्यावर मजुरीला जायचे आणि वर्षभर सरपणाची मोळी डोक्यावर आणायची, असे ज्यांचे जीवन आहे, त्यांच्या दृष्टीने जंगल हा सौंदर्याचा विषय नसून पोटाचा विषय आहे. जंगल गेले की पहिली चूल त्यांची विझते. आणि जंगल परत आणण्याची योजना निघाली की पहिले कुंपणही त्यांच्याच वाटेवर पडते. म्हणून हा विषय समजून घेणे आपल्याला भाग आहे.

आज मी आपल्यापुढे दोन प्रश्न ठेवणार आहे. पहिला प्रश्न असा की, झाडे लावली म्हणजे जंगल आले असे म्हणता येईल काय? दुसरा प्रश्न असा की, जंगल परत आले तर ते कोणासाठी आले? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे आणि दुसरा न्यायाचा आहे. या दोन प्रश्नांची फारकत केली की दोन्हींची उत्तरे चुकतात, हे मी काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून सांगणार आहे.

तोड कशासाठी झाली?

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्या देशात माणूस शेतीसाठी आणि सरपणासाठी जंगल तोडत आलाच होता. परंतु व्यापारी प्रमाणावरची, हिशेबाची तोड इंग्रजी अमलात सुरू झाली. त्यांना जहाजे बांधण्यासाठी सागवान हवे होते. इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगत आहे. सागाचे लाकूड किती टिकाऊ असते याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. परंतु ज्या डोंगरावरून तो साग आला त्या डोंगराचे काय झाले, हे सांगणारे स्मारक कोठेही नाही.

पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या स्लीपरसाठी लाकडाची मागणी अफाट वाढली. जंगल संपेल ही भीती सरकारलाच वाटू लागली. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला भारताचा पहिला वन महानिरीक्षक नेमण्यात आले. १८६५, १८७८ आणि १९२७ असे वनकायदे झाले. या कायद्यांनी जंगलाची मोजणी केली, सीमा आखल्या आणि काही प्रमाणात बेसुमार तोडीला आळाही घातला. पण त्याच सीमारेषेने गावाला जंगलाबाहेर काढले. कालपर्यंत जो हक्क होता ती आता सवलत झाली आणि पुढे सवलतीचा गुन्हा झाला.

याविषयी महाराष्ट्रात सर्वांत आधी स्पष्ट बोलणारे कोण? महात्मा जोतीराव फुले. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी जंगलखात्यावर टीका केली आहे. खात्याने डोंगर-दऱ्यांबरोबर गायराने आपल्याकडे घेतली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डोंगरावरच्या झाडांचा पालापाचोळा कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येतो आणि जमिनीला खत मिळते, असा त्यांचा विचार आहे. म्हणजे जंगल आणि शेत यांचे नाते, तसेच जंगल आणि गरीब माणूस यांचे नाते, ही दोन्ही नाती जोतीरावांनी एकाच ग्रंथात मांडली. आजच्या आपल्या दोन प्रश्नांचे मूळ तेथे आहे.

लागवडीची सुरुवात

तोडलेल्या जागी पुन्हा लागवड करण्याचा भारतातला पहिला मोठा प्रयोग केरळातील निलांबूर येथे झाला. १८४०च्या दशकात मलबारचे कलेक्टर कनोली यांनी तेथे साग लावण्याचे ठरविले. पहिल्या प्रयत्नांत बी उगवलेच नाही. सागाच्या बीचे कवच अतिशय कठीण असते, त्यामुळे नुसते मातीत टाकून भागत नाही. ते पाण्यात भिजवणे, उन्हात वाळवणे, पुन्हा भिजवणे असे सोपस्कार आलटून पालटून करावे लागतात. अनेक पद्धती करून पाहिल्यानंतर १८४४ च्या सुमारास यश आले. प्रत्यक्ष मेहनतीचे हे काम चातू मेनन या भारतीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. सुमारे वीस वर्षांत त्यांनी दहा लाखांहून अधिक रोपे लावून घेतली. त्या काळच्या लागवडीचा एक छोटा तुकडा ‘कनोली प्लॉट’ या नावाने निलांबूरला आजही राखलेला आहे. नाव कलेक्टरचे राहिले. मेनन थोड्यांना ठाऊक आहेत आणि ज्या मजुरांनी खड्डे खणले त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

निलांबूरने एक गोष्ट सिद्ध केली की साग लावता येतो, वाढवता येतो आणि त्याचे चांगले लाकूडही मिळते. येथून रोपवनाची परंपरा सुरू झाली. आपल्याकडे रोपवाटिकेत गादीवाफ्यावर सागाची रोपे वाढवतात. साधारण वर्षाचे रोप उपटून वरचा शेंडा आणि खालची बारीक मुळे छाटतात, आणि अंगठ्याएवढ्या जाडीचा जो तुकडा राहतो तो पावसाच्या सुरुवातीला पहारीने भोक पाडून लावतात. त्याला ‘स्टंप’ म्हणतात. दोन-दोन मीटर अंतरावर लावले तर एका हेक्टरात २५०० झाडे बसतात. पुढे ठरावीक वर्षांनी विरळणी करायची आणि साठ-ऐंशी वर्षांनी पक्व झाड तोडायचे, असा हा हिशेब असतो.

झाडांच्या रांगा आणि जंगल

महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगलाचा कूप सरसकट तोडायचा आणि त्या जागी सागाचे रोपवन उभे करायचे, अशी कामाची दिशा त्या काळी होती. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगानेही व्यापारी रोपवनांचा पुरस्कार केला होता. या कामाची दुसरी बाजू आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. रोपवनामुळे हजारो हातांना मजुरी मिळाली आणि सरकारी तिजोरीत पैसा आला. घरांना सागाच्या चौकटी मिळाल्या, हेही खरे आहे.

मग हरकत कशाला? हरकत अशी की, त्या मिश्र जंगलात साग एकटा नव्हता. ऐन होता, धावडा होता, बीजा, हळदू, तिवस, मोह, तेंदू, चार, आवळा, हिरडा, बेहडा असे कितीतरी वृक्ष होते. लाकडाच्या बाजारात त्यांपैकी पुष्कळांना फारशी किंमत नव्हती. पण गावाच्या बाजारात होती. मोहाने चैत्रात पोट भरले, चारोळीने मीठमिरचीचे पैसे दिले, तेंदूने शाळेच्या पाटीचे पैसे दिले. साग उत्तम वृक्ष आहे, परंतु त्याची फुले कोणी खात नाही, त्याची फळे कोणी विकत नाही आणि त्याची पाने जनावर आवडीने खात नाही. ज्याला साठ वर्षे थांबणे परवडते त्याच्यासाठी साग आहे. रोज संध्याकाळी चूल पेटवणाऱ्याला साठ वर्षे थांबता येत नाही.

निसर्गाच्या बाजूनेही एकाच जातीच्या रांगांमध्ये दोष आहेत. सागाची पाने खाऊन त्यांची जाळी करणारी अळी मिश्र जंगलातही असते, पण नुसत्या सागाच्या रोपवनात तिला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला मोकळा रस्ता मिळतो. सागाचे पान रुंद असते. त्यावर साठलेला पावसाचा थेंब मोठा होऊन उंचावरून खाली पडतो. खाली झुडपे, गवत आणि पाचोळा असेल तर तो थेंब तेथेच जिरतो. पण वणव्याने खालची जमीन उघडी पडली असेल तर तोच थेंब माती उखडतो. म्हणजे वरून हिरवे दिसणाऱ्या रोपवनाखालूनही माती वाहून जाऊ शकते. वरचे छप्पर आहे म्हणून घरात सर्व ठीक आहे असे समजू नये.

थायलंडचा धडा

याहून कठोर धडा थायलंडला मिळाला. १९८८ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्या देशाच्या दक्षिण भागात, नाखोन सी थम्मरात या प्रांतात, अतिवृष्टी झाली. डोंगर खचले. चिखल, पाणी आणि तोडलेल्या लाकडाचे ओंडके गावांवर येऊन कोसळले आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्या डोंगरउतारांवर झाडे नव्हती असे नाही. अनेक ठिकाणी मूळचे जंगल तोडून रबराची लागवड केलेली होती. पण कोवळ्या रबराच्या मुळांना तो तीव्र उतार धरून ठेवता आला नाही. देशात संतापाची लाट उसळली आणि १९८९ च्या जानेवारीत थायलंड सरकारने जंगलतोडीचे सर्व ठेके रद्द केले.

याच सुमारास तेथील काही भिक्खूंनी एक वेगळा मार्ग काढला. उत्तर थायलंडमध्ये जंगलातल्या जुन्या वृक्षांना चीवराचे वस्त्र गुंडाळून त्यांना जणू प्रव्रज्या देण्याचा विधी त्यांनी सुरू केला. झाड भिक्खू होत नाही हे त्यांनाही माहीत होते. परंतु चीवर गुंडाळलेल्या झाडावर कुऱ्हाड उचलताना गावकऱ्याचा आणि ठेकेदाराचाही हात थबकतो, हा त्यांचा अनुभव होता. या विधीबरोबर ते गावाची बैठक घेत, जंगल राखण्याचे नियम ठरवत आणि नियम मोडणाऱ्यावर लक्ष ठेवत. वस्त्रामागे ही संघटना नसती तर नुसत्या वस्त्राने काम झाले नसते, हे आपण ध्यानात ठेवावे.

झाडे राखणे हा एक भाग झाला. गेलेले जंगल परत आणण्याचे काम त्याच देशातील चिआंग माई विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ पासून हाती घेतले. त्यांची पद्धत आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. मूळ जंगलात शेकडो जाती असतात, त्या सर्व लावणे शक्य नसते. म्हणून त्यांनी स्थानिक जातींपैकी वीस-तीस जाती निवडल्या. निवडीच्या कसोट्या तीन होत्या. झाड उघड्या जागेत तग धरणारे असावे. त्याची सावली लवकर आणि दाट पडावी, म्हणजे खालचे गवत मरते. आणि त्याला लहान वयातच फुले-फळे यावीत, म्हणजे पाखरे येतात. पाखरे जवळच्या शिल्लक जंगलातून फळे खाऊन येतात आणि त्यांच्या विष्ठेतून नव्या जातींचे बी पडते. अशा रीतीने काही वर्षांतच, कोणीही न लावलेल्या डझनावारी जाती त्या जागी उगवल्या. माणसाने सुरुवात करून दिली आणि पुढची लागवड पाखरांनी केली.

जमिनीखालचे जंगल

येथे मी थोडा थांबून एक मूलभूत गोष्ट सांगतो. तोडलेले जंगल तीन वाटांनी परत येते. पहिली वाट खुंटाची. साग, साल, पळस अशी झाडे तोडली तरी खुंटापासून फुटवा येतो, तेंदूला तर मुळांपासूनही येतो. जमिनीखालची मुळे जुनी आणि भक्कम असल्यामुळे हा फुटवा नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. दुसरी वाट बियांची. जमिनीत पडून राहिलेले बी, वाऱ्याने आलेले बी, पाखरांनी, वटवाघळांनी, अस्वलांनी आणलेले बी. बहाव्याच्या शेंगा अस्वल आवडीने खाते आणि त्याचे बी दूरवर टाकते. तिसरी वाट माणसाने लावलेल्या रोपाची.

आपण वनमहोत्सवात तिसऱ्या वाटेचा गाजावाजा करतो. पण जेथे खुंट जिवंत आहेत आणि जवळ बी देणारे जंगल आहे, तेथे पहिल्या दोन वाटा अधिक स्वस्त आणि अधिक खात्रीच्या असतात. तेथे कामे साधी असतात. ठेचलेला खुंट धारदार कुऱ्हाडीने जमिनीलगत उतरता कापायचा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. एका खुंटाला दहा फुटवे आले तर जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे काढायचे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायची. काही वर्षे चराई थांबवायची किंवा पाळीपाळीने करायची. उतारावर समतल चर खणून पाणी अडवायचे. लागवड मात्र जेथे खुंटही नाही, बीही येत नाही आणि वरची माती शिल्लक आहे, अशा मोकळ्या पट्ट्यांपुरती करावी.

या कामांचे छायाचित्र वर्तमानपत्रात चांगले येत नाही. खड्ड्यात रोप ठेवताना पाहुण्यांचे छायाचित्र निघते, पण वणवा लागला नाही याचे छायाचित्र कसे काढणार? परंतु जंगल त्यानेच उभे राहते.

आराबारीचे सालवन

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जंगल परत आले तर कोणासाठी? पश्चिम बंगालमधील पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी नावाचे ठिकाण आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील सालवन तोडीने आणि चोरटी लाकडे नेण्याने खुरटून गेले होते. पहारा वाढवून उपयोग होत नव्हता. कारण आसपासच्या गावांना सरपण विकण्याखेरीज दुसरे साधन नव्हते. त्या वेळचे वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी १२७२ हेक्टर क्षेत्र निवडले आणि ११ गावांतील लोकांशी बोलणी केली. तुम्ही जंगल राखा, रोपवनाची आणि जंगलातली मजुरी तुम्हालाच देऊ, किरकोळ वनोपज तुमचे आणि लाकूड विकले जाईल तेव्हा उत्पन्नाचा २५ टक्के वाटा तुमचा, असा तो करार होता.

पुढे काय झाले? सालाची मुळे जमिनीत जिवंत होतीच. कुऱ्हाड थांबली आणि फुटवे वाढू लागले. जे जंगल परत आणायला कोट्यवधी रोपे लागतील असे वाटत होते, ते बहुतांशी आपल्या मुळांवरच परत आले. लोकांना सालाची पाने, अळिंबी आणि वाळलेले सरपण मिळू लागले. हा अनुभव पुढे बंगालमध्ये पसरला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा पर्यावरणाचा समतोल आणि जंगलकाठच्या लोकांच्या गरजा यांना वरचे स्थान दिले आणि १९९० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. त्यामागे आराबारीचे उदाहरण होते.

आराबारीत जंगल कशाने परत आले? सालाच्या मुळांनी हे एक उत्तर. पण ती मुळे आधीही तेथेच होती. नवीन काय होते? नवीन होता तो वाटा. लोकांना वाटा मिळाला तेव्हा मुळांना वेळ मिळाला.

दक्षिण कोरियात चूल बदलली

आणखी एक उदाहरण दक्षिण कोरियाचे. परकीय राजवट आणि १९५० ते १९५३ चे युद्ध यांमुळे तेथील डोंगर बोडके झाले होते. थंडीच्या देशात घर उबदार ठेवायला सरपण लागे आणि लोक कोवळी झाडेही तोडून नेत. १९७३ साली तेथे दहा वर्षांची योजना सुरू झाली. दहा लाख हेक्टर लागवडीचे उद्दिष्ट होते, ते चार वर्षे आधीच, १९७८ मध्ये पूर्ण झाले. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे.

ही राजवट हुकूमशाहीची होती आणि सक्ती पुष्कळ होती, तिचे अनुकरण आपण करू नये. परंतु दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तेथे गावोगाव वनसंस्था होत्या आणि सरपणासाठी वेगळी लागवड केलेली होती. शिवाय घरांत लाकडाऐवजी कोळशाच्या विटा वापरात आल्या. म्हणजे डोंगरावरचे रोप वाचवण्यासाठी आधी घरातली चूल बदलावी लागली. मोळीवालीला दंड करून जंगल वाचत नाही, तिला दुसरे जळण द्यावे लागते.

मेंढा आणि आपला हक्क

हे सर्व दूरचे झाले. आता आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात येऊ. तेथे मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने दिली. देवाजी तोफा हे तेथील नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांना साथ देणारे कार्यकर्ते होते. या गावाची रीत अशी की, निर्णय बहुमताने न करता सर्वांच्या संमतीने करायचा आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. विद्यार्थी मित्रांनो, हा ‘अभ्यासगट’ शब्द लक्षात ठेवा. अक्षरओळख कमी असलेल्या माणसांनी कायदा, नकाशा आणि हिशेब यांचा अभ्यास केला आणि मग आपला हक्क मागितला.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळत नव्हता. तो २०११ च्या एप्रिलमध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. पूर्वी ज्या बांबूवर कागद गिरणीचा ठेका चाले, तो बांबू आता गावाने विकला. कोवळे कोंब तोडायचे नाहीत, बेटाच्या मध्यभागी हात घालायचा नाही, हे पथ्य जो उद्याही तेथेच राहणार आहे तो पाळतो. ठेकेदाराला पुढच्या वर्षाची चिंता नसते.

वनहक्क कायद्यात सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. म्हणजे जंगल परत आणणे ही केवळ सरकारी योजना राहिलेली नसून तो गावाचा हक्क झाला आहे.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगतो. जंगलकाठी राहणारी जी कुटुंबे अनुसूचित जमातीची नाहीत, त्यांना हा कायदा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणतो. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नाही त्यांच्याकडून कागद मागितला जातो, हे केवढे अवघड आहे ते मी सांगायला नको. परंतु कायद्याच्या नियमांत कागदाखेरीज अन्य पुरावेही मान्य आहेत. जुनी विहीर, दफनभूमी, जुन्या घरांच्या खुणा आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी नोंदवलेले कथन, हे सारे पुरावे म्हणून देता येतात. हे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. शिवाय सामूहिक हक्क ग्रामसभेच्या हाती असतो आणि ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष येतात. तेव्हा आदिवासी शेजाऱ्यांशी स्पर्धा न करता त्यांच्या खांद्याला खांदा लावून, एका ग्रामसभेत बसून हे काम झाले पाहिजे. एकाच जंगलावर जगणाऱ्या दोन गरिबांचे भांडण झाले तर लाकूड तिसराच नेतो.

आपण काय करावे?

आता शेवटी कामाचे बोलू. महाराष्ट्रात २०१६ पासून दरवर्षी दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे जाहीर झाली. झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण यापुढे कोठेही लागवडीचा आकडा ऐकला की तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर किती रोपे जिवंत आहेत? कोणत्या जाती लावल्या आणि त्यांपासून गावाला काय मिळणार? आणि ही जागा पूर्वी खरोखर जंगलाची होती काय? कारण आपल्याकडे माळरानाला ‘पडीक’ समजून तेथे खड्डे खणण्याची सवय आहे. मेंढपाळाचे कुरण आणि माळढोकाचे घर मोडून लावलेले झाड हे पुण्याचे काम नव्हे.

संस्थेला माझ्या तीन सूचना आहेत. जंगलकाठच्या गावांतील आपल्या शाखांनी वृद्धांची कथने लिहून घेण्याचे काम या वर्षीच सुरू करावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुट्टीत त्यासाठी वही-पेन घेऊन जावे, त्यांच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग नाही. दुसरी सूचना, प्रत्येक ठिकाणी वनहक्काचा एक अभ्यासगट असावा आणि त्यात स्त्रिया निम्म्या असाव्यात. मोह कोठे चांगला येतो आणि तेंदू कोठे संपत चालला आहे, हे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. तिसरी सूचना, यंदा वृक्षारोपण करायचेच असेल तर शंभर रोपांऐवजी दहा लावावीत आणि त्यांच्यासाठी तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, तोडलेल्या झाडाचा खुंट पाहून मेलेला समजू नका. त्याची मुळे खाली जिवंत असतात, वाट पाहत असतात. त्यांना हवी असते ती काही वर्षांची उसंत आणि कोणीतरी केलेली राखण. ही राखण पगारी पहारेकऱ्याने होत नाही, भीतीने तर मुळीच होत नाही. ज्याला त्या सावलीत हक्काने बसता येते तोच ती मनापासून करतो. म्हणून मी सुरुवातीला म्हणालो की विज्ञानाचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न यांची फारकत करू नका. जंगल परत आणायचे असेल तर आधी माणसांना त्यांच्या जंगलात परत आणावे लागेल.

 जय भीम!